कंपोझरचा रंग कशाला सांगायचा?

प्रश्न: पियानोच्या क्लासमध्ये सरांनी फ्लोरेन्स प्राइस यांची सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) ऐकवली आणि आधीच सांगितलं की या ब्लॅक कंपोझर. संगीत चांगलं असेल तर रंग मध्ये आणायची गरज काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर: गरज आहे, कारण तो आधीच मध्ये आणला गेला होता आणि प्राइसबाईंनी स्वतः आणला नव्हता. त्या १८८७ साली अमेरिकेत लिटल रॉकला जन्मल्या, बॉस्टनला शिकायला गेल्या तेव्हा आईने कागदावर गाव मेक्सिकोतलं लिहायला लावलं, म्हणजे वर्णभेदाचा त्रास जरा कमी होईल. पुढे १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिम्फनी वाजवली, एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राने ब्लॅक बाईची सिम्फनी वाजवायची ही पहिलीच वेळ, आणि तरी दहा वर्षांनी, १९४३ ला, प्राइसबाई बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कुसेवित्स्की यांना पत्र लिहून विनवतायत की मी बाई आहे आणि माझ्यात निग्रो रक्त आहे हे बाजूला ठेवून फक्त माझं काम बघा. कुसेवित्स्कींनी काही त्यांचं संगीत वाजवलं नाही. मला हे पत्र वाचून फार राग येतो. १९५३ ला बाई गेल्या आणि २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी त्यांच्या पडक्या घरात हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, त्यात चौथी सिम्फनी आणि दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना)! आता हे रंग न सांगता कसं समजावणार?

पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही. शेव्हालिए द सां-जॉर्ज या अठराव्या शतकातल्या फ्रेंच ब्लॅक कंपोझरना अजूनही सर्रास 'ब्लॅक मोझार्ट' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ते १७४५ चे, मोझार्ट १७५६ चा, मग मोठ्या माणसाला धाकट्याची कॉपी का म्हणायचं? तिथे रंगाचं लेबल माणसाचं स्वतःचं नावच खाऊन टाकतं.

आणि रंग सांगून झाला की संगीतावर बोला ना. प्राइसबाईंच्या त्या पहिल्या सिम्फनीची तिसरी मूव्हमेंट, म्हणजे तिसरा भाग, आहे जुबा डान्स, गुलामगिरीतले लोक हाताने टाळ्या आणि मांड्यांवर थापा देत नाचायचे त्या नाचावरची, ती लावा, व्हायोलिनं कुठे ठेक्याच्या पुढे उडी मारतात ते ऐका. सरांना म्हणा पुढच्या वेळी हीच मूव्हमेंट ड्वोर्झाक या चेक कंपोझरच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीशेजारी लावा, दोन्ही सिम्फनी ई मायनर या एकाच स्केलमधल्या आहेत.