औट घटका : ‘आउट’ नव्हे, साडेतीन

अमळनेरहून विचारणा आली आहे : चार दिवसांत पद गेलेल्याला ‘आउट घटकेचा सरपंच’ म्हणतात, ते तो आउट झाला म्हणून का?

नाही. शब्द ‘औट’ आहे आणि अर्थ साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा. प्राकृतात अद्धुट्ठ, मराठीत औट. माणसाचा देह औट हात म्हणतात तो हाच. घटका 24 मिनिटांची, म्हणून औट घटका 84 मिनिटांची. साडेतीन तासांची नव्हे, हेही एकदा लक्षात घ्या.

पण खरी गोडी ‘घटके’त आहे. ‘वेळ घटत जाते म्हणून घटका’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. साफ चूक! घटका हे मुळात भांडं आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात (शके 1072, इ.स. 1150) तिला ‘घटदलरूपा’ म्हटलंय : अर्ध्या घटाच्या आकाराची, तांब्याची, तळाला बारीक भोक असलेली. पाण्यावर सोडली की भोकातून भरत जाते आणि बुडते. बुडायला लागतो तो वेळ म्हणजे एक घटका. या घटिकेचीच घटका झाली, आणि खानदेशात ‘घडीभर थांब’ म्हणतो ती घडीसुद्धा.

भास्कराचार्यांच्या आधी लल्ल या ज्योतिर्विदाने माप ठरवून दिलं होतं : दहा पळं तांबं (इथे पळ म्हणजे जुनं वजन), तोंड अर्धा हात रुंद, भोक सव्वातीन मासे (मासा हेही जुनं वजन) किंवा किंचित जास्त सोन्याच्या, चार अंगुळं लांब सुईने पाडलेलं. भास्कराचार्यांना हे पटलं नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर. इतकं नेमकं भोक कोणता तांबट पाडणार? त्यांची रीत अशी : भांडं कसंही असो, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत किती वेळा बुडतं ते मोजा आणि दिवसरात्रीच्या साठ घटकांना त्या आकड्याने भागा. 72 वेळा बुडालं तर एक बुडी 50 पळांची (हे पळ वेळेचं, साठ पळांची एक घटका), म्हणजे 20 मिनिटांची. भांडं दुरुस्त करायचं नाही, हिशेब दुरुस्त करायचा. वेध घेणाऱ्या माणसाची ही दृष्टी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे, ती उगीच नाही.

लग्नात घटिकापात्र मांडणाऱ्यांनी बोअरचं पाणी घंगाळात घेऊ नये. क्षार भोकात बसतात, भोक बारीक होतं आणि घटका लांबते. उलट, राखेने घासून घासून भोक मोठं झालं की ती लवकर भरते. आधीच्या बुडीचं पाणी आत राहिलं तरी तेच. गरम पाणी पातळ होऊन भोकातून लवकर शिरतं, म्हणून वैशाखातली घटका पौषातल्यापेक्षा आखूड. भांडं तिरकं तरंगलं तर काठावरून पाणी घेऊन मध्येच बुडतं.

आणि ‘पापाची घटका भरली’ म्हणू नका. पापाचा घडा भरतो. माणसाची घटका भरते, कारण भरली की ती बुडते.