मराठीत दहा-बारा अक्षरांचा अॅनाग्राम जुळतो का, तोही संडासाच्या इतिहासावर?

तुम्ही विचारलंय की एवढा लांब अॅनाग्राम (म्हणजे एका ओळीची सगळी अक्षरं फिरवून केलेली दुसरी ओळ) मराठीत होतो का आणि झाला तर तो घासूनपुसून कसा घ्यायचा. होतो, मी बरेच केलेत. आणि विषयाचा संकोच अजिबात नको, सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये फ्लशचा संडास मांडला तोच मुळी शब्दखेळ करून, पुस्तकाच्या नावात एजॅक्स हा ग्रीक वीर आणला कारण 'अ जेक्स' म्हणजे तेव्हाच्या बोलीत संडास.

नियम सोपा, मात्रेसकट एक अक्षर, रा वेगळा आणि र वेगळा. जोडाक्षरं टाळा. सगळ्यात जास्त त्रास सामान्यरूपाचा होतो, वाडा चालतो पण 'वाड्यात' आलं की तो ड्या दुसरीकडे कुठेच बसत नाही, म्हणून शब्द शक्यतो मूळ रूपातच वापरायचे आणि का, ना, तर, हा असले बारके शब्द हाताशी ठेवायचे. आधी जोड्या जमवा: राख-खरा, वाडा-डावा, नदी-दीन, डास-सडा, वास-सवा.

मी जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून त्यावर अक्षरं लिहितो आणि जमिनीवर मांडतो, कागदावर खोडाखोड करण्यापेक्षा हे फार बरं. माझ्या डोक्यात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा होता, तिथे दरबारातल्या लोकांसाठी २८ जण बसतील असा सामायिक संडास होता आणि सगळी घाण जायची टेम्स नदीमध्ये. पहिली ओळ केली 'डावा हात, वर जरा राख'. चौकोन फिरवले तर जरा आणि डावा मिळून राजवाडा निघाला, मी ओरडलोच! 'हा तर खरा राजवाडा'. पण एक व उरला, आणि मला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट झालं, हे तर कौतुकच.

चार दिवस तो व पुढ्यात ठेवून बसलो. मग त्याला ना जोडला, 'नाव तर राजवाडा'. राहिले ख, रा, हा. एक का घातला की सवाल तयार: 'खरा का हा?' आता ना आणि का वरच्या ओळीतही घालायला हवे होते, ते 'वर'च्या आधी सरकवले आणि झालं नाकावर!

डावा हात नाकावर, जरा राख
नाव तर राजवाडा, खरा का हा?

बारा-बारा अक्षरं, मोजून बघा. घासणं म्हणतात ते हेच, उरलेलं अक्षर फेकायचं नाही, तेच पुढचा शब्द दाखवतं, आणि ओळ नुसती जुळली म्हणून घ्यायची नाही, अर्थ खोटा असेल तर मोडायची.

सध्या १८५८ चा उन्हाळा घेतलाय, टेम्सला इतका वास सुटला की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले होते. नदी आणि दीन जागेवर बसलेत, पण टेम्समधला म्स काही केल्या दुसऱ्या ओळीत जाईना, म्हणून नाव काढलं आणि नुसती नदी ठेवली.