वडिलांची जुनी .३१५ रायफल ५० मीटरवर गोळ्या विखुरते. टेलिस्कोप बसवला तर अचूकता वाढेल का?

टेलिस्कोपचे पैसे खिशातच ठेवा. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मग ट्रिगरच्या वरचा लोखंडी भाग घट्ट धरून दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग, हलवून पाहा. घरातलं कुणी "वडिलांची नजर गेली" म्हणत असेल, तर त्याला जरा थांबायला सांगा. हे वाक्य आमच्या घरात एकदा बोललं गेलं आणि दोन सख्ख्या भावांमधलं बोलणं वर्षभर बंद पडलं.

आमचं शेत शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर हीच .३१५ आहे. २०१९ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली तशी नेहमीप्रमाणे ती ठाण्यात जमा केली आणि निकाल लागल्यावर परत आणली. पावसाळ्यात मक्यात रानडुकरं पडली. वनखात्याची लेखी परवानगी काढून नाना मचाणावर बसले. चाळीस पावलांवरून तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही वाया. खाली गावातले पाच-सहा जण उभे होते. त्यांच्यासमोर आप्पा, माझे काका, म्हणाले, "नाना, आते तुनी नजर गयी." नाना काही बोलले नाहीत. घरी येऊन रायफल पुसली, कपाटात ठेवली आणि परवाना परत करायचं बोलू लागले.

मला ते पटेना. महिनाभर मागे लागून मी त्यांना एका रायफल क्लबच्या रेंजवर नेलं. सोबत एसआरपीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. त्यांची उमेदीची वर्षं .३०३ सोबत गेलेली, आणि .३१५ ची ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसतो तो लोखंडी भाग, त्याच ली-एन्फील्ड घराण्यातली. (इंग्रजांच्या काळात लष्करी बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, काडतुसं सामान्य माणसाला ठेवता येत नसत, म्हणून हा बोअर आला.) त्यांनी नेम धरलाच नाही. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा खटका) काढून रायफल रिकामी असल्याची खात्री केली, एका हातात ॲक्शन, दुसऱ्यात दस्ता घेतला आणि म्हणाले, "ऐका." टक्. पुन्हा टक्.

या रायफलचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता आतून जाणाऱ्या एका लांब स्क्रूने ॲक्शनला आवळलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं होतं आणि हा लांब स्क्रू सैल पडला होता. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रूही अर्धा आटा फिरला. दोन्ही आवळायला दहा मिनिटं लागली. मग नानांनीच वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ५० मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. हवालदारांनी कागद आणून त्यांच्या हातात दिला. नानांनी भोकांवर मूठ ठेवली. पाचही मुठीखाली झाकली गेली. चष्मा तोच होता, डोळेही तेच होते.

म्हणून तुम्हाला सांगतो, स्क्रू झाले की नळी बघा. साफ करताना बोल्ट काढून मागच्या बाजूने सळई घाला. तोंडाकडून घासून घासून नळीच्या तोंडाची कड झिजते आणि तिथून निघणारी गोळी भरकटते. तेल लावून ठेवलेली रायफल झाडण्याआधी नळी कोरडी पुसा, नाहीतर पहिली गोळी वेगळीच जाते. काडतुसं एकाच लॉटची घ्या. पिशवीवर लाकूड टेकवा, नळी नको, आणि दोन फैरींत नळी निवू द्या. आधी गोळ्या एका जागी गोळा झाल्या पाहिजेत, त्या कुठे पडतात हा प्रश्न नंतरचा. डावीकडे पडत असतील तर फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, डावीकडेच सरकवायची. बरेच जण उलटं करतात. विखुरलेल्या गोळ्या बघून साइट ठोकत बसणं म्हणजे निव्वळ काडतुसांची नासाडी.

टेलिस्कोप तेव्हाही नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. या जुन्या ॲक्शनवर माउंट, म्हणजे टेलिस्कोप धरून ठेवणारी बैठक, पक्कं बसवणं कटकटीचं असतं, आणि माउंट हललं की तुम्ही आजच्यापेक्षा वाईट अवस्थेत जाल. आप्पांनी तेव्हा नानांना हाच सल्ला दिला होता, "टेलिस्कोप लाव नाहीतर विकून टाक." सैल दस्त्यावर टेलिस्कोप लावून काय झालं असतं?

एक मात्र मान्य करतो. चाळिशीनंतर फोरसाइट पुसट दिसू लागते, त्यामुळे डोळे तपासून घ्या. फक्त ते रायफल तपासल्यावर. आवळूनही दस्ता हलत असेल, किंवा नळी, ट्रिगरचं काम असेल, तर परवानाधारक कारागिराकडेच द्या. सराव शेतात नको, रेंजवरच करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी रानडुकरासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच.

तो कागद नानांनी परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवला आहे. आप्पा आता घरी येतात, चहा घेतात, नानांशी पाऊसपाण्याचं बोलतात. मी दोनदा कागद त्यांच्यापुढे धरला. दोन्ही वेळा "राहू दे रे" म्हणाले आणि हातात घेतला नाही.