कानातली नागीण आणि वाकडं झालेलं तोंड

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. सहा आठवड्यांपूर्वी एआरटी (एचआयव्हीला आवरणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू झाली. परवापासून उजवा कान ठणकतोय, आज कानाच्या पाळीवर बारीक फोड दिसले आणि चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळलं. एआरटीच्या गोळ्यांची उष्णता बाहेर पडली असं घरचे म्हणतात. गोळ्या थांबवायच्या का?

उत्तर : पत्र मिळताच तुम्हाला कळवलं, तेच इथे सविस्तर. एआरटी एक दिवसही थांबवू नका. ही उष्णता नाही, कानातली नागीण आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की उठतो. एआरटीनंतर ती सावरू लागते, तेव्हाही पहिल्या काही महिन्यांत तो उठू शकतो. ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली की पसरायला जागा नसते, नस चेंगरते आणि तोंड वाकडं होतं. रॅमसे हंट या डॉक्टरांनी 1907 मध्ये हे वर्णन केलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव आहे.

भुवया वर करायला सांगा. त्या बाजूच्या कपाळावरही आठ्या पडत नसतील तर दोष या नसेचा. कपाळ हलतंय पण तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळतंय, तर पक्षाघात समजून थेट रुग्णालय गाठा. बॅटरी लावून टाळू आणि जीभही पाहा, फोड तिथे असू शकतात. कधी ते तोंड वाकडं झाल्यावर उठतात, कधी उठतच नाहीत.

औषध शक्यतो 72 तासांच्या आत सुरू व्हावं. उशीर झाला तरी सोडू नये. विषाणूविरोधी व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम पाचदा, 7 ते 10 दिवस. फोड अंगभर पसरले, शुद्ध हरपली किंवा सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) फारच कमी असेल तर दाखल करून शिरेतून. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला हवं, कारण असायक्लोव्हिर आणि एआरटीतलं टेनोफोव्हिर दोन्हींचा भार मूत्रपिंडावर पडतो. सोबत बहुधा प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात. एआरटीत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर रक्तातलं प्रेडनिसोलोनचं प्रमाण वाढतं, म्हणून एआरटीची चिठ्ठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. ही माहिती लपवल्यानं नुकसान भावाचंच.

आता डोळा. तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते आणि नजर जाऊ शकते. दिवसा दर तासा-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम. मग बोटानं पापणी मिटवून वरून चिकटपट्टी लावा. नुसतं कापड बांधू नका, आत डोळा उघडला तर ते बुबुळावर घासतं. डोळा लाल झाला, खुपू लागला किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई, तान्हं बाळ आणि कांजिण्या न झालेल्यांनी फोडांच्या पाण्यापासून दूर राहावं. त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात. चेहरा सावरायला काही आठवडे ते महिने लागतात. कमी ऐकू येणं किंवा चक्कर असेल तर ऐकण्याची तपासणी लगेच करून घ्या.