संसारात राहून मोक्ष मिळतो का, की संन्यास घ्यावाच लागतो?

तुमचं वय 27, घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि मन मात्र ध्यानात, वाचनात रमतं. लग्न केलं तर मोक्षाची वाट बंद होईल का आणि शास्त्र कुणाला श्रेष्ठ मानतं, गृहस्थाला की संन्याशाला, असं तुम्ही विचारलं आहे.

वाट बंद होत नाही. मात्र ‘शास्त्र काय म्हणतं’ याचं एकच एक उत्तर शोधायला जाल तर फसाल, कारण शास्त्रातच यावरून जुनं भांडण आहे.

शाळेत आपल्याला चार आश्रम जिन्याच्या पायऱ्यांसारखे शिकवतात: ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ, संन्यास. जुन्या धर्मसूत्रांत ते तसे नाहीत. विद्या संपली की यातला एक मार्ग निवडायचा आणि जन्मभर त्यावर राहायचं, अशी ती मांडणी आहे. गौतम धर्मसूत्र तर आचार्यांचं असं मत नोंदवतं, की आश्रम खरा एकच, गृहस्थाश्रम, कारण वेदात प्रत्यक्ष विधान त्याचंच आहे. जाबालोपनिषद अगदी उलट टोकाला: ‘यदहरेव विरजेत् तदहरेव प्रव्रजेत्’, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघ. मनुस्मृतीने दोघांत मांडवली केली. सहाव्या अध्यायात सांगितलं, की देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं फेडा, मग मन मोक्षाकडे लावा. त्याच अध्यायात पुढे असंही आहे, की चौघांत गृहस्थ श्रेष्ठ, कारण बाकी तिघांना तोच पोसतो. भिक्षापात्रात पडलेली भाकरी कुणाच्या तरी चुलीवरच भाजलेली असते.

गीतेतही हेच. पाचव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन तुमचाच प्रश्न विचारतो. उत्तर मिळतं, दोन्ही कल्याणकारक, पण कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोग वरचढ. शंकराचार्य म्हणतात, इथे ज्ञानाशिवायच्या कोरड्या संन्यासाबद्दल बोललं आहे. टिळकांना हा अर्थ पटला नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी शेकडो पानं खर्चून सांगितलं, की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नसतं. दोघांचंही वाचा. पण त्या वादात तुमच्या प्रश्नाचा निकाल लागेल असं मला वाटत नाही.

मी हे सगळं वाचायला लागले ते मोक्षासाठी नाही. माझ्या काकांनी संन्यास घेतला तेव्हा काकू 31 वर्षांची होती आणि पदरात दोन मुलं. संन्यासाच्या विधीत विरजा होम होतो, शेंडी आणि जानवं विसर्जित करतात आणि त्याआधी माणूस जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालतो. काकूला हे नंतर कळलं. तिने आजीला विचारलं, "त्यांचं श्राद्ध झालं म्हणता, मग मी कुंकू लावायचं की नाही?" आजीकडे उत्तर नव्हतं. भटजींकडेही नव्हतं, ते घसा खाकरून पंचांग चाळत बसले. वर्षभराने एक पत्र आलं. पाठवणाऱ्याच्या जागी भलतंच नाव, शेवटी ‘आनंद’ असलेलं. काकू ते पोस्टमनला परत करणार होती. मग पत्त्यावरच्या अक्षराचं वळण ओळखीचं वाटलं.

(1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने संसारत्याग करून संन्यास घेतला तर घटस्फोट मागता येतो, असं कलम आहे. काकूला ते कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी ती कोर्टात गेली नसती. ती ब्लाउज शिवत राहिली.)

तेव्हापासून संन्यासाची कुठलीही कथा आली की माझं लक्ष आधी मागे राहिलेल्यांकडे जातं. आणि गंमत म्हणजे परंपरेचंही तिकडे लक्ष आहे, आपणच वाचताना ते ओलांडून पुढे जातो. बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो, तेव्हा पहिलं वाक्य आत्म्याबद्दलचं नाही. मैत्रेयी, तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो, असं तो म्हणतो. या धनाने मी अमर होणार नसेन तर ते घेऊन काय करू, हा मैत्रेयीचा प्रश्न त्यानंतर येतो आणि उपनिषदातला तो थोर संवाद तिथून सुरू होतो.

महाभारताच्या वनपर्वातला कौशिक ब्राह्मणही असाच. तप इतकं, की नुसत्या रागीट नजरेने बगळी मरून पडली. मग एका घरी भिक्षेला गेला. ती गृहिणी नवऱ्याचं करण्यात गुंतली होती, तिने त्याला थांबवलं आणि तो चिडल्यावर सुनावलं, मी बगळी नव्हे. तिने त्याला मिथिलेच्या एका खाटकाकडे, धर्मव्याधाकडे, पाठवलं. इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. शेवट कुणी सांगत नाही. व्याध त्याला सांगतो: आईबापांना न विचारता तू वेद शिकायला निघून आलास, तुझ्या दुःखाने ते आंधळे झाले आहेत, आधी घरी जा.

आणि आपल्याकडे तर आळंदीच आहे. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, रुक्मिणीबाई मागे राहिल्या. परंपरा सांगते, की गुरूंना पत्नी हयात असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवलं. परतल्यावर चार मुलं झाली, गावाने कुटुंब वाळीत टाकलं, मुलं ‘संन्याशाची पोरं’ ठरली आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. त्यातल्याच एका मुलाने पुढे 1290 मध्ये गीतेवर टीका लिहिली. तिच्या पाचव्या अध्यायात ही ओवी आहे:

आतां गृहादिक आघवें । तें कांहीं न लगे त्यजावें ।
जें घेतें जाहलें स्वभावें । निःसंगु म्हणऊनि ॥

घरदार काही टाकावं लागत नाही, कारण त्याला चिकटणारं मनच निःसंग झालेलं असतं. पुढच्याच ओवीत दृष्टान्त आहे: अग्नी विझून नुसती राख उरली की ती कापसातही गुंडाळून ठेवता येते. ज्याच्या घराची संन्यासाने अशी राखरांगोळी झाली, त्याच्या लेखणीतून राखेचा हा दृष्टान्त येतो, तेव्हा मी तिथेच थांबते. दरवेळी.

मात्र मी काकूची बाजू घेते म्हणून गृहस्थाश्रमाची आरती ओवाळते आहे असं समजू नका. ‘आम्ही संसारात राहूनच विरक्त’ म्हणणारे आपल्या आसपास किती आहेत बघा. बहुतेकांच्या बाबतीत ती नुसती सोय असते. जपमाळ हातात आणि बांधावरून भावाशी दावा चालू. शांतिपर्वात सुलभा नावाची संन्यासिनी खुद्द जनकाला यावरून धरते. राज्य करूनही मी मुक्त आहे, असं तो सांगतो आणि लगेच, तू कोण, कुणाची, कुठून आलीस, असं विचारायला लागतो. ती म्हणते, मुक्त आहेस तर हे भेद तुला कशाला हवेत? आणि राजेपणाचं म्हणशील, तर एवढ्या राज्यात तू निजतोस एका पलंगावर, त्यातही अर्धा राणीचा. जनकाला उत्तर सुचत नाही. कर्मयोगाचं उदाहरण म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, त्याच जनकाची ही गत. शिवाय सुलभा बाई आहे, एकटी आहे आणि कुणाला मागे टाकून आलेली नाही. संन्यास मुळात चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, ते तिच्यामुळे.

तर तुमच्यापुरतं. श्रेष्ठ काय हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, की मी जे सोडणार आहे ते उचलणार कोण? आईवडिलांचं म्हातारपण कुणाकडे जाईल? कर्ज आहे का? उत्तर ‘कुणावर भार नाही’ असं असेल आणि दोन-तीन वर्षं मठात झाडलोट करून, चार टाळक्यांच्या कटकटी सोसूनही ओढ टिकली, तर जा, जाबालोपनिषद तुमच्या बाजूने आहे. ऑफिसचा कंटाळा, ठरलेलं मोडलं, घरातली भांडणं अशा कारणांनी आलेलं वैराग्य फार दिवस पुरत नाही. काकांचं बहुधा तसलंच होतं. पत्रांतून ते परमार्थापेक्षा मठातल्या राजकारणाबद्दलच जास्त लिहीत.

लग्न करायचं तर मुलीला पहिल्याच भेटीत हे सगळं सांगा. कदाचित तिलाही हीच ओढ असेल, पैठणच्या एकनाथांनी गिरिजाबाईंसोबत परमार्थ केलाच की. आणि करायचं नसेल तर आत्ताच नाही म्हणा, घरचे महिनाभर रुसतील. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ असं दासबोधात सांगणारे समर्थ स्वतः बोहल्यावरून पळाले, अशी कथा आहे. पण ते ‘सावधान’ ऐकल्याबरोबर पळाले, अंतरपाट अजून दूर व्हायचा होता. तुमच्याकडे त्यांच्याहून बराच जास्त वेळ आहे.