मँगो स्टिकी राइस घरी करताना

मँगो स्टिकी राइस म्हणजे नारळाच्या दुधात मुरवलेला गोड चिकट भात आणि सोबत आंबा, थायलंडचा गोड पदार्थ. आधी तांदूळ नीट मिळवा. इंद्रायणी कितीही चिकट झाला तरी ती चव येत नाही. थाई ग्लुटिनस राइसच (तिथला खास चिकट तांदूळ) हवा. क्रॉफर्ड मार्केटात इम्पोर्टेड मालाच्या दुकानांत विचारा. रात्रभर भिजवा, पण कुकरला मुळीच लावू नका, लगदा होतो. मोदकपात्रात ओलं मलमल पसरून 25-30 मिनिटं वाफवा. दाणा काचेसारखा दिसला आणि दाबल्यावर आत कणी लागली नाही, की झाला.

नारळाचं जाड दूध, साखर आणि मीठ मंद आचेवर गरम करा, उकळलं तर फुटेल. मीठ टाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे! भात गरम असतानाच दूध ओतून अर्धा तास झाकून ठेवा. थायलंडात नाम डोक माई आंबा घेतात. आपण हंगामात हापूसच घ्यावा.