कारवान, कारवानी की मुधोळ?

चोपड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. गावातल्या एका मळ्यावर लांब तोंडाचं, उंच पायांचं, पोट पाठीला लागलेलं शिकारी कुत्रं आहे. मालक त्याला 'कारवान' म्हणतो. जळगावचा पाहुणा म्हणाला, छे, हे 'मुधोळ'. तिथंच बसलेल्या गुरुजींनी दोघांनाही सुधारलं : 'कारवानी' म्हणा. यातलं खरं कुठलं? शिवाय, अनोळखी माणूस दिसला की हे कुत्रं मागं सरतं, तर त्याला घाबरट म्हणावं का?

कुत्रं एकच आहे. एक नाव ते कसं आलं ते सांगतं, दुसरं ते कुठं नावारूपाला आलं ते.

'कारवान' हा फारसी शब्द, अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. इंग्रजीतला 'कॅरव्हॅन' त्याचाच. उर्दू शायरीत शेवटचा 'न' नाकात गेला आणि 'कारवाँ' झाला; मराठीत तो पुरता उच्चारला जातो. गंमत अशी, की तांडा या अर्थानं हा शब्द मराठीला कधी फारसा लागलाच नाही. आपल्याकडे 'काफिला' होता, 'तांडा' तर होताच. चाळीसगाव-जामनेरकडे बंजारा वस्तीला आजही तांडाच म्हणतात, मीठ-धान्य वाहणारे बैल जाऊन किती पिढ्या झाल्या तरी. त्यामुळे कारवान आपल्याकडे टिकला तो कुत्र्याच्या नावात. पश्चिम आशियातून व्यापारी तांड्यांबरोबर सलुकी, ताझी अशी कुत्री दख्खनेत उतरली आणि इथल्या कुत्र्यांत मिसळली, असा या जातीचा इतिहास सांगितला जातो.

'मुधोळ' हे गावाचं नाव. आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पूर्वी घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या बेरड लोकांकडे ही शिकारी कुत्री असत. राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची निगुतीनं पैदास करवली आणि गावाचं नाव कुत्र्याला चिकटलं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात ते 'मुधोळ' म्हणूनच आहे. नावांचा हा घोळ कागदोपत्रीही आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया याची नोंद 'कारवान हाउंड' अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' अशी. तेव्हा 'अस्सल कारवान, मुधोळ नव्हे' असं सांगून कुणी पिल्लाचे जास्त पैसे मागत असेल, तर त्याला खुशाल हसावं.

आता गुरुजींचं 'कारवानी'. मराठीच्या वळणाला ते चांगलं बसतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरून या : काठेवाडी, मारवाडी, पंजाबी, सगळीकडे 'ई'. कोल्हापूर-सांगलीकडे तर 'कारवानी' हेच रूढ आहे. पण म्हणून मळेवाल्याचं 'कारवान' अशुद्ध ठरत नाही. आपल्या दारातलं उदाहरण घ्या. 'खिल्लार' म्हणजे मुळात गुरांचा कळप, तरी आपण 'खिल्लार बैल' बिनदिक्कत म्हणतो. समूहाचा शब्द जातीचं नाव झाला, अगदी कारवानसारखाच. आणि त्याच खिल्लारला तापीखोऱ्यात 'थिल्लारी' असंही नाव आहे, तरी तेवढ्यानं त्याची वेगळी जात होत नाही. एवढंच, की 'कारवान' विभक्तीत जरा अवघडतो. 'कारवानाला घेऊन ये' ऐकायला कसंसंच वाटतं, 'कारवानीला' सहज येतं. मी स्वतः 'कारवानी' लिहितो.

'पश्मी' हीसुद्धा वेगळी जात समजली जाते. 'पश्म' म्हणजे लोकर, 'पश्मिना'तली. कान, पाय, शेपटी यांवर लांब केस असतील तर ते पश्मी. बाकी बांधा तोच.

एक शब्दप्रयोग मात्र खटकतो. प्रश्नात लिहिलंय, 'हे कुत्रं सशाचा माग काढतं.' माग काढणं हे नाकाचं काम. पोलिसांचं कुत्रं माग काढतं. कारवानी डोळ्यांवर चालतं : सावज दिसलं की सुटतं, दृष्टीआड झालं की थांबून मान उंच करून बघत राहतं. उभ्या दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या शेतात त्याचा काही उपयोग नाही. दादर कापून रान मोकळं झालं की त्याची धाव बघावी. पाठीची कमान होते, चारही पाय पोटाखाली गोळा होतात, मग चारही लांब फेकले जातात, आणि दोन्ही वेळा ते क्षणभर अधांतरी असतं. ससा हुलकावणी देऊन वळला तरी शेपटीचं सुकाणू करून तेही वळतं. अर्थात हे आता वर्णनापुरतंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकारही गुन्हा आहे. रानडुकरांवर सोडायला असं कुत्रं घेऊ पाहणाऱ्यांनाही तेच सांगणं, शिवाय याची कातडी पातळ असते, एका सुळ्यात फाटते. बरगड्या दिसतात म्हणून मालकाला 'उपाशी ठेवता का?' असंही विचारू नये. धावणाऱ्या कुत्र्याच्या दोन-तीन बरगड्या दिसायच्याच.

राहिलं 'घाबरट'. अनोळखी हात पुढं आला की कारवानी अंग चोरून बाजूला होतं, आणि ते बहुतेकांना भित्रेपणाचं वाटतं. शेपूट पायांत गेली, अंग थरथरलं, तर घाबरट म्हणा. लहानपणी माणसांत न वावरलेलं, कुणालाही पाहून दचकणारं असेल तर 'बुजरं'. बैल-घोड्यांसाठी आपण 'बुजणं' वापरतोच. पण चार पावलं मागं जाऊन, मान ताठ ठेवून तुमच्याकडे नुसतं बघत उभं असेल, तर ते 'मानी'. या जातीची बरीचशी कुत्री या तिसऱ्या प्रकारची. घरच्यांना जीव लावतील, पण परक्याच्या 'यू यू'ला येणार नाहीत, आणि मालकानं उगाच अंगावर ओरडलेलंही त्यांना खपत नाही. शेपूट कुठं आहे ते एकदा बघून घ्या आणि मग तिन्हींतला शब्द निवडा.